संयुगाचा स्पेक्ट्रम हवाय? ग्रंथालयात तो शोधायचा कसा

लवंगांचं वाफेवर ऊर्ध्वपातन करायचं, तेल डायक्लोरोमिथेनमध्ये ओढून घ्यायचं, अल्कलीने युजेनॉल वेगळं करायचं आणि मग त्याचा आयआर (अवरक्त) आणि एनएमआर (चुंबकीय अनुनाद) स्पेक्ट्रम काढून आणायचा. रसायनशास्त्राच्या अनेक विभागांत हा प्रयोग होतो आणि तो बहुधा नीट पारही पडतो. अडतं ते त्यानंतर. जर्नल, म्हणजे प्रयोगाची वही, तपासताना प्रश्न येतो, ‘लिटरेचर व्हॅल्यूशी, म्हणजे आधी प्रसिद्ध झालेल्या आकड्यांशी, जुळवलं का?’ मग मोबाइलवर चित्रांचा शोध सुरू होतो. कुठल्यातरी विक्रेत्याच्या पानावर एक धूसर आलेख मिळतो, तो छापून डकवला जातो. तो आलेख द्रवाच्या पातळ थराचा आहे की वायूचा, कुणी घेतला, कधी घेतला, काहीच ठाऊक नसतं.

परिस्थिती माहीत नसलेला संदर्भ स्पेक्ट्रम जवळजवळ निरुपयोगी असतो, आणि परिस्थितीसकट स्पेक्ट्रम देणारी साधनं मोजकी आहेत. ती कुठली आणि कुठून सुरुवात करायची ते इथे सांगतो. उदाहरण शेवटपर्यंत युजेनॉलचंच ठेवतो, कारण त्याची भावंडं, म्हणजे त्याच्याशी मिळतीजुळती संयुगं, चांगलीच फसवी आहेत.

आधी संयुगाची ओळख पक्की करा

नुसत्या नावावर शोध सुरू करू नका. एकाच संयुगाला दहा नावं असतात. युजेनॉल घ्या. आययूपॅक या आंतरराष्ट्रीय नामकरण पद्धतीने ते २-मिथॉक्सी-४-(प्रॉप-२-इन-१-आइल)फिनॉल. विक्रेत्यांच्या यादीत ते ४-अलाइल-२-मिथॉक्सीफिनॉल असतं. केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स या रसायनशास्त्रीय सारसंग्रहाच्या छापील सूचीत मूळ संयुगाचं नाव आधी येतं आणि जोडलेले गट मागून, म्हणजे ते ‘फिनॉल’खाली शोधावं लागतं: १९७२ पूर्वीच्या सूचींमध्ये ‘फिनॉल, ४-अलाइल-२-मिथॉक्सी-’ असं, आणि नंतरच्या सूचींमध्ये ‘फिनॉल, २-मिथॉक्सी-४-(२-प्रोपेनाइल)-’ असं. ‘ई’ अक्षराखाली युजेनॉल शोधणारा माणूस त्या जाड खंडांसमोर हात हलवत परत येतो.

म्हणून आधी कॅस क्रमांक काढा. केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिसने १९६५ पासून प्रत्येक पदार्थाला असा क्रमांक द्यायला सुरुवात केली. युजेनॉलचा क्रमांक ९७-५३-०. शेवटचा अंक पडताळणीचा असतो आणि ती पडताळणी कागदावर करता येते. शेवटचा अंक बाजूला ठेवा, उरलेले अंक उजवीकडून डावीकडे अनुक्रमे १, २, ३, ४ ने गुणा आणि बेरीज करा. इथे ३ एके ३, ५ दुणे १०, ७ त्रिक २१, ९ चोक ३६, एकूण ७०. एकंस्थानी ०, म्हणजे क्रमांक बरोबर. घाईत कुणी ७९-५३-० लिहिलं असतं तर बेरीज ६८ आली असती आणि चूक तिथेच पकडली गेली असती. बाटलीच्या लेबलवरून किंवा कुणाच्या पीडीएफमधून क्रमांक उतरवताना एवढं करून घ्या. शोधखिडकीत मात्र अंक इंग्रजी कळफलकानेच टंका, देवनागरी अंक बहुतेक डेटाबेसना कळत नाहीत.

क्रमांक जुळला तरी तो नेमका तुमच्याच पदार्थाचा आहे का हेही पाहा. आयसोयुजेनॉलचा सर्वसाधारण क्रमांक ९७-५४-१ आहे, ट्रान्स रूपाचा ५९३२-६८-३ आणि सिस रूपाचा ५९१२-८६-७. क्षारांचे क्रमांकही वेगळे. लिडोकेन १३७-५८-६, त्याचं हायड्रोक्लोराइड ७३-७८-९. औषधांवर काम करणाऱ्यांची गल्लत सर्वांत जास्त इथेच होते: हातात असतं हायड्रोक्लोराइड आणि तुलना चालते मोकळ्या बेसशी. मग अमाइनच्या भागात काहीच जुळत नाही आणि नमुना अशुद्ध ठरवला जातो.

क्रमांकासोबत रेणुसूत्रही लिहून ठेवा, आणि ते हिल पद्धतीने लिहा, कारण सूत्रांच्या जवळपास सगळ्या सूची त्याच क्रमाने लावलेल्या असतात. कार्बन पहिला, हायड्रोजन दुसरा, बाकीची मूलद्रव्यं त्यांच्या इंग्रजी चिन्हांच्या वर्णक्रमाने. ब्रोमोफिनॉल तुम्ही सवयीने ‘सी६एच५ओबीआर’ लिहाल, सूचीत ते ‘सी६एच५बीआरओ’ असेल. कार्बन नसेल तर सगळीच मूलद्रव्यं वर्णक्रमाने, त्यामुळे हायड्रोजन क्लोराइड क्लोरीनखाली सापडतं. युजेनॉलचं सूत्र सी१०एच१२ओ२. त्याच सूत्राखाली आयसोयुजेनॉल, चॅविबेटॉल, फिनाइलइथाइल ॲसिटेट, इथाइल फिनाइलॲसिटेट आणि कलौंजीतलं थायमोक्विनोनही बसलेलं असतं. सूत्राची सूची तुम्हाला फक्त गल्लीपर्यंत आणते, घर नावाने किंवा क्रमांकाने शोधावं लागतं.

नेमकं काय हवंय ते ठरवा

स्पेक्ट्रमचे संदर्भ तीन प्रकारचे असतात. काही साधनं पूर्ण आलेख छापतात. काही फक्त शिखरांचे आकडे देतात. आणि काहींमध्ये तुमचं संयुग नसतंच: ‘अमुक गट असेल तर शोषण अमुक भागात’ असे सहसंबंधाचे तक्ते असतात. स्पेक्ट्रोस्कोपीची पाठ्यपुस्तकं आणि प्रेट्श यांचं तक्त्यांचं पुस्तक या तिसऱ्या वर्गातलं. अर्थ लावायला ते उत्तम, पण ‘साहित्यातला आकडा’ म्हणून ते दाखवता येत नाहीत. फिनॉलचा ओएच ३२०० ते ३६०० प्रति सेंटिमीटरमध्ये (आयआरचे पुढचे आकडेही याच एककात) येतो हे खरं असलं तरी ते युजेनॉलबद्दलचं विधान नाही.

तुलनेसाठी आयआरमध्ये पूर्ण आलेख हवा, कारण पट्ट्यांचा आकार आणि १५०० च्या खालचा ‘फिंगरप्रिंट’ भाग आकड्यांत उतरत नाही. कार्बन-१३ एनएमआरला आकडे पुरतात. प्रोटॉनला आकडे, कपलिंग (शिखर किती अंतराने फुटलंय) आणि इंटिग्रेशन (शिखराखाली किती हायड्रोजन) लागतं. मास (वस्तुमान) स्पेक्ट्रमला सर्वांत उंच आठदहा शिखरं आणि त्यांची सापेक्ष उंची मिळाली की भागतं.

फुकट ते आधी

जपानच्या एआयएसटी या सरकारी संशोधन संस्थेचा एसडीबीएस हा डेटाबेस माझ्या मते सेंद्रिय रसायनाच्या विद्यार्थ्याचा पहिला थांबा असायला हवा. त्यात सुमारे ३४ हजार संयुगं आहेत, आणि एका संयुगाच्या पानावर आयआर, प्रोटॉन एनएमआर, कार्बन-१३ एनएमआर आणि इलेक्ट्रॉन आयोनायझेशन मास यांतलं जे उपलब्ध असेल ते एकत्र मिळतं. काहींचे रामन आणि ईएसआर हे आणखी दोन प्रकारचे स्पेक्ट्रमही आहेत. सगळ्यांचं सगळं असतंच असं नाही.

आत शिरताना अटी मान्य कराव्या लागतात. मग शोधपानावर नाव, सूत्र, रेणुभार किंवा कॅस क्रमांक टाका. क्रमांकाने शोधणं सर्वांत सरळ. तो नसेल तर नावाचा एखादा तुकडा आणि सूत्र एकत्र द्या. निकालात संयुगावर टिचकी मारली की कुठले स्पेक्ट्रम आहेत ते दिसतं. प्रोटॉनच्या पानावर आलेखाखाली किंवा बाजूला वारंवारता, द्रावक आणि बऱ्याचदा कुठलं शिखर कुठल्या हायड्रोजनचं याची खूण असते. ती आधी वाचा. जुने प्रोटॉन स्पेक्ट्रम ९० मेगाहर्ट्झवर घेतलेले आहेत, नंतरचे ४०० वर. आयआरच्या पानावर केबीआर (पोटॅशियम ब्रोमाइड) डिस्क, न्यूजॉल (खनिज तेल) किंवा लिक्विड फिल्म (द्रवाचा पातळ थर) यांपैकी काय ते स्पष्ट लिहिलेलं असतं. एका दिवसात ५० पेक्षा जास्त स्पेक्ट्रम उतरवू नयेत असा नियम आहे. वर्गातल्या सगळ्यांसाठी एकाने बसून सगळं उतरवून घ्यायची कल्पना तिथे चालत नाही.

दुसरं ठिकाण अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी मानक संस्थेचं केमिस्ट्री वेबबुक, १९९६ पासून चालू असलेलं. त्यात ३३ हजारांहून अधिक संयुगांचे मास स्पेक्ट्रम, १६ हजारांहून अधिक आयआर आणि १६०० च्या वर यूव्ही-व्हिजिबल आहेत. एनएमआर अजिबात नाही, तेव्हा तो शोधण्यात वेळ घालवू नका. संयुगाचं पान उघडण्याआधीच कुठल्या प्रकारची माहिती हवी त्यावर खूण करता येते, नाहीतर ऊष्मागतिकीच्या आकड्यांचा ढीग समोर येतो. आलेख जेकॅम्प नावाच्या फाइलरूपात उतरवता येतो, आणि हाच वेबबुकचा मोठा फायदा: ती फाइल आपल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून आपल्याच आलेखावर चढवता येते. डोळ्याने दोन कागद शेजारी धरून बघण्यापेक्षा ते कितीतरी विश्वासाचं.

वेबबुकची एक खोच मात्र कायम लक्षात असू द्या. तिथले बरेच आयआर वायुरूप नमुन्याचे आहेत. कोब्लेन्ट्झ सोसायटीच्या संग्रहातून आलेले द्रव, द्रावण आणि घनरूपातलेही आहेत. पानावर अवस्था लिहिलेली असते, ती न वाचता तुलना केली की गोंधळ ठरलेला. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

जैविक आणि नैसर्गिक पदार्थांसाठी मासबँक आणि एचएमडीबी, एनएमआरसाठी एनएमआरशिफ्टडीबी हेही मोफत आहेत. पबकेममध्ये संयुगाच्या पानावर स्पेक्ट्रमचा विभाग असतो, पण तो बहुतांशी इतरांकडून गोळा केलेला. तिथून मूळ स्रोतापर्यंत जा आणि संदर्भ मूळ स्रोताचाच द्या.

कपाटातले जाडजूड खंड

आता ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात चला. ड्युई पद्धतीने लावलेल्या ग्रंथालयात ५४३ म्हणजे विश्लेषणात्मक आणि ५४७ म्हणजे सेंद्रिय रसायन. या दोन क्रमांकांच्या आसपासची कपाटं बघा. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकीय सूचीत, नुसतं ‘स्पेक्ट्रा’ टाकलं तर पाठ्यपुस्तकांचा पूर येतो. ‘ॲल्ड्रिच लायब्ररी’ किंवा ‘सॅडलर’ टाकून बघा. हे खंड घरी नेता येत नाहीत आणि कित्येक ठिकाणी जागेअभावी ते साठवणीच्या खोलीत गेलेले असतात. ओपॅकवर दिसतात पण कपाटात नाहीत असं झालं तर ग्रंथपालांना विचारा. पुस्तक हरवलेलं नसतं, फक्त हलवलेलं असतं.

ॲल्ड्रिचचा एनएमआर संग्रह, पूशर्ट आणि बेन्के यांनी संपादित केलेला, १९९३ मध्ये तीन खंडांत आला. सुमारे १२ हजार संयुगांचे ३०० मेगाहर्ट्झवरचे प्रोटॉन आणि ७५ मेगाहर्ट्झवरचे कार्बन-१३ स्पेक्ट्रम त्यात एकाच जागी छापलेले आहेत. त्याच घराण्याचा एफटी-आयआर संग्रहही आहे. वापरायची रीत अशी: आधी सूची काढा, त्यात नाव, सूत्र किंवा कॅस क्रमांकावरून खंड आणि पान मिळवा, मग त्या पानावर जा. इथपर्यंत हे डेटाबेसपेक्षा संथच वाटेल.

पण हे खंड वर्णक्रमाने लावलेले नाहीत, कार्यगटांनुसार लावलेले आहेत. पान उघडल्यावर तुमच्या संयुगाच्या मागेपुढे त्याचेच नातेवाईक असतात: एखादा मिथॉक्सी गट इकडचा तिकडे, साखळी एका कार्बनने लांब, ब्रोमोच्या जागी क्लोरो. पाने चाळताना एका गटाची सवय डोळ्याला लागते. तुम्ही बनवलेलं संयुग संग्रहात नसेल, आणि संशोधनात ते बहुतेक वेळा नसतंच, तर शेजारची चारपाच पानं तुम्हाला काय अपेक्षित धरायचं ते सांगतात. शोधखिडकी विचारलं तेवढंच देते, त्यामुळे हे तिच्याकडून होत नाही. छापील खंड रद्दीत काढायला निघालेल्या विभागांनी हे एकदा करून बघावं असं मला मनापासून वाटतं.

सॅडलरचा संग्रह याहून जुना आणि कितीतरी मोठा. फिलाडेल्फियाच्या सॅडलर प्रयोगशाळेने वर्षानुवर्षं बाइंडरमध्ये सुटी पानं पाठवली. पुढे ती प्रयोगशाळा बायो-रॅडकडे गेली आणि २०२० मध्ये हे डेटाबेस वायलीने घेतले. आज ते सशुल्क सॉफ्टवेअरमधून मिळतात. जुने बाइंडर कुठे असतील तर लक्षात घ्या, सूची तुम्हाला पान देत नाही, स्पेक्ट्रमचा क्रमांक देते, आणि आयआर, यूव्ही, एनएमआर या मालिकांचे क्रमांक वेगवेगळे असतात. क्रमांक उतरवताना मालिकाही उतरवा, नाहीतर आयआरचा क्रमांक घेऊन यूव्हीच्या बाइंडरपाशी उभे राहाल.

यूव्हीसाठी ‘ऑरगॅनिक इलेक्ट्रॉनिक स्पेक्ट्रल डेटा’ ही मालिका रेणुसूत्रांच्या क्रमाने लावलेली आहे: द्रावक, कमाल शोषणाची तरंगलांबी, शोषणांकाचा लॉग आणि मूळ शोधनिबंधाचा संदर्भ एका ओळीत. आलेख नाही. मर्क इंडेक्समध्येही काही नोंदींत यूव्हीचे आकडे असतात, आयआर आणि एनएमआरसाठी तिथे जाऊ नका. मासचा ‘एट पीक इंडेक्स’ प्रत्येक संयुगाची सर्वांत ठळक आठ शिखरं देतो. औषधी पदार्थांचं काम असेल तर गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाची संहिता काढा. कित्येक मूळ औषधांची ओळख तिथे आयआर तुलनेवरच ठरते.

शोधनिबंध, प्रबंध आणि सशुल्क डेटाबेस

संयुग जरा अनोळखी असेल तर आकडे मिळतात ते शोधनिबंधाच्या प्रायोगिक भागात किंवा त्याच्या पुरवणीत. बऱ्याच प्रकाशकांकडे मूळ लेख सशुल्क असला तरी पुरवणीची पीडीएफ मोफत उघडते, आणि खरे आलेख तिथेच असतात. त्यामुळे लेख उघडत नाही म्हणून लगेच माघार घेऊ नका.

संस्थेकडे सायफाइंडर किंवा रीॲक्सिस हे सशुल्क डेटाबेस असतील तर संयुगाच्या पानावरून थेट ‘स्पेक्ट्रा’ किंवा प्रायोगिक गुणधर्मांच्या विभागात जा. सायफाइंडरमध्ये प्रायोगिक आणि भाकित केलेले असे दोन्ही प्रकारचे आकडे असतात. भाकित म्हणजे संगणकाने रचनेवरून काढलेला आलेख, कुणी उपकरणावर घेतलेला नव्हे. तो दिसतो मात्र अगदी खऱ्यासारखा, किंबहुना खऱ्याहून स्वच्छ. प्रबंधात असा आलेख ‘साहित्यातला’ म्हणून आला तर परीक्षकाने प्रबंध परत पाठवला तरी त्याला दोष देता येणार नाही.

भारतातल्या सरकारी विद्यापीठांना आणि महाविद्यालयांना १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मधून अनेक मोठ्या प्रकाशकांची नियतकालिकं मिळू लागली आहेत. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातही आता हे शक्य आहे, आपली संस्था यादीत आहे का ते ग्रंथपालांकडून कळेल. त्याशिवाय शोधगंगा आहेच. भारतीय पीएचडी प्रबंधांच्या प्रायोगिक प्रकरणांत लेखात न मावलेला तपशील आणि कित्येकदा उपकरणावरून निघालेला मूळ आलेख जोडलेला असतो. प्रबंधातले आकडे तपासूनच घ्यावेत हे खरं, पण नैसर्गिक पदार्थांवर काम करणाऱ्यांना तिथे घबाड सापडू शकतं.

एक जुनी, भरवशाची आणि मोफत जागा म्हणजे १९२१ पासून निघणारं ‘ऑरगॅनिक सिंथेसीज’. त्यातली प्रत्येक कृती छापण्याआधी दुसऱ्या प्रयोगशाळेत करून पाहिलेली असते, आणि टिपांमध्ये स्पेक्ट्रमचे आकडे असतात. दोन स्रोतांत तफावत असेल तर मी याच्या बाजूने झुकेन.

परिस्थिती वाचल्याशिवाय आकड्याला हात लावू नका

आधी आयआर. द्रव युजेनॉलच्या पातळ थरात ओएचचा पट्टा ३५०० च्या आसपास पसरट दिसतो, कारण रेणू एकमेकांशी हायड्रोजन बंधांनी जोडलेले असतात. वायुरूपात ते एकमेकांपासून लांब असतात, त्यामुळे पट्टा अरुंद होतो आणि वर सरकतो. वेबबुकवरच्या वायुरूप आलेखाशी आपली फिल्म ताडून ‘ओएच जुळत नाही’ असा निष्कर्ष काढणं हा म्हणूनच फार सोपा अपघात आहे. कार्बोनिलही वायुरूपात वर सरकतो. न्यूजॉलमधल्या नमुन्यात २९२०, २८५०, १४६० आणि १३७७ च्या आसपास न्यूजॉलचीच शिखरं असतात, ती संयुगाची म्हणून लिहू नका. केबीआर ओलसर असेल तर ३४०० आणि १६४० पाशी पाणी दिसतं. हायड्रोक्लोराइडचा नमुना केबीआरमध्ये दळला तर क्लोराइड आणि ब्रोमाइडची अदलाबदल होऊ शकते, म्हणून औषधसंहितांमध्ये अशा वेळी पोटॅशियम क्लोराइड वापरायला सांगतात. आणि आता जवळपास सगळीकडे एटीआर (नमुना थेट स्फटिकावर ठेवून मोजायची पद्धत) आल्यामुळे आणखी एक फरक: एटीआरमध्ये कमी तरंगांकाकडची शिखरं जुन्या पारगमन आलेखापेक्षा उंच दिसतात आणि बळकट पट्टे किंचित खाली सरकतात. पाचदहा एककांच्या फरकाने घाबरू नका, पट्टाच गायब असेल तर थांबा. तुलनेआधी आपलं उपकरण पॉलिस्टायरीनच्या पट्टीने तपासा, १६०१ चं शिखर १६०१ लाच यायला हवं.

घन पदार्थांत स्फटिकरूप बदललं की आयआर बदलतो, संयुग तेच असूनही. संशय आला तर दोन्ही नमुने एकाच द्रावकातून पुन्हा स्फटिक करून घ्या.

जुन्या खंडांत आणखी एक अडथळा असतो, एककांचा. काही आयआर आलेखांचा आडवा अक्ष मायक्रॉनमध्ये असतो. १०,००० ला मायक्रॉनने भागा, तरंगांक मिळतो. ५.८ मायक्रॉन म्हणजे १७२४. शिवाय कित्येक आलेखांत २००० पाशी पट्टी बदलते, त्यामुळे डावीकडची आणि उजवीकडची अंतरं सारखी नसतात. जुन्या एनएमआरमध्ये शिखराची जागा (शिफ्ट) डेल्टाऐवजी टाऊ या मोजपट्टीवर असते: १० मधून टाऊ वजा केला की डेल्टा. शिफ्ट हर्ट्झमध्ये दिली असेल तर उपकरणाच्या मेगाहर्ट्झने भागा. कपलिंगचे हर्ट्झ मात्र भागू नका, ते उपकरण बदललं तरी तेच राहतात. ६० किंवा ९० मेगाहर्ट्झवर जो भाग नुसता ढिगारा दिसतो तो ४०० वर सुटासुटा होतो, म्हणून त्यांच्या आकारांची तुलना व्यर्थ. शिफ्ट आणि इंटिग्रेशन जुळवा.

सीडीसीएल३ (ड्युटेरियमयुक्त क्लोरोफॉर्म) या द्रावकात प्रोटॉन एनएमआरला युजेनॉल असं दिसायला हवं (आकडे पीपीएममध्ये): ३.८५ जवळ मिथॉक्सीचा तीन हायड्रोजनांचा एकेरी, ३.३ जवळ अलाइलच्या सीएच२ चा दोनांचा दुहेरी, ५.०५ ते ५.१ मध्ये टोकाच्या सीएच२ चे दोन, ५.९५ च्या आसपास एकाचा गुंतागुंतीचा, आणि ६.७ ते ६.९ मध्ये कड्यावरचे तीन. साडेपाचच्या आसपासचा ओएच संहतीनुसार आणि ओलाव्यानुसार इकडेतिकडे हलतो, त्यावरून काहीही ठरवू नका. तुमचा नमुना डीएमएसओ-डी६ मध्ये घेतलेला असेल तर ओएच कितीतरी डावीकडे गेलेला दिसेल. द्रावकाचं उरलेलं शिखर सीडीसीएल३ मध्ये ७.२६ आणि डीएमएसओमध्ये २.५० धरतात. कार्बनमध्ये सीडीसीएल३ साठी काही लेखक ७७.०, तर काही ७७.१६ धरतात. सगळेच कार्बन सारख्या फरकाने सरकलेले दिसले तर कारण बहुतेक हेच.

आता भावंडांकडे या. आयसोयुजेनॉलचा मास स्पेक्ट्रम युजेनॉलसारखाच असतो: दोघांचंही १६४ हे रेणूचं शिखर, मग १४९, १३१, १०३, ७७. नुसत्या मासवरून दोघांत निवाडा करणं धाडसाचं. प्रोटॉनमध्ये मात्र आयसोयुजेनॉलला ३.३ चा सीएच२ नसतो, त्याऐवजी १.८६ जवळ मिथाइलचा दुहेरी येतो. कार्बनमध्ये युजेनॉलचा ३९.९ जातो आणि १८ च्या आसपास मिथाइल दिसतो. आयआरमध्ये युजेनॉलच्या टोकाच्या दुहेरी बंधाचे ९९५ आणि ९१५ असे दोन पट्टे, तर ट्रान्स आयसोयुजेनॉलला ९६५ जवळ एक. लवंगेच्या तेलातून युजेनॉल नीट वेगळं झालं नसेल तर त्याचं ॲसिटेटही हजर असतं. त्याची खूण १७६५ जवळचा कार्बोनिल आणि प्रोटॉनमध्ये २.३ चा एकेरी. हे आकडे संदर्भात दिसले नाहीत आणि तुमच्या आलेखात दिसले, तर संदर्भ चुकीचा नाही, अल्कलीची पायरी पुन्हा करायची आहे.

पदार्थ माहीत नसेल तर

उलटा शोधही करता येतो. एसडीबीएसमध्ये शिखरांचे आकडे टाकून संयुग शोधता येतं. आयआरसाठी चारपाच ठळक पट्टे, कार्बनसाठी सगळे मिळत नसले तरी खात्रीचे कार्बन द्या, आणि थोडी सूट ठेवा. जीसी-एमएस (वायू क्रोमॅटोग्राफला जोडलेलं मास उपकरण) याच्याबरोबर येणारी लायब्ररी जुळणीचा गुणांक देते. इलेक्ट्रॉन आयोनायझेशन जगभर ७० इलेक्ट्रॉन व्होल्टवर केलं जातं म्हणून ती जुळणी चालते. इलेक्ट्रोस्प्रे या दुसऱ्या आयोनायझेशन पद्धतीत तुकड्यांचा आलेख आदळण्याच्या ऊर्जेप्रमाणे बदलतो, तिथे ऊर्जा जुळते का ते आधी पाहा.

यादीतलं पहिलं नाव उत्तर समजू नका. गुणांक ९० च्या वर असला तरी टर्पीन आणि फिनाइलप्रोपेनॉइड कुटुंबात चारपाच नावं तितक्याच गुणांनी येतात. अशा वेळी वेबबुकवरचा रिटेन्शन इंडेक्स, म्हणजे संयुग स्तंभातून कधी बाहेर पडतं ते अल्केनच्या तुलनेत सांगणारा आकडा, कामाला येतो. कमी ध्रुवीय स्तंभावर, म्हणजे डीबी-५ सारख्या, युजेनॉल १३५५ च्या आसपास येतं आणि ट्रान्स आयसोयुजेनॉल १४५० च्या आसपास. मास ज्यांना वेगळं करू शकला नाही ते इथे एका नजरेत वेगळे होतात. त्यासाठी आपल्या स्तंभावर त्याच तापमान कार्यक्रमाने अल्केनची मालिका मात्र चालवलेली हवी.

काहीच सापडलं नाही तर

आधी पर्यायी नावं आणि क्षार किंवा समघटकांचे क्रमांक टाकून पाहा. मग जवळचं समरूप संयुग घ्या आणि कुठला फरक कशामुळे अपेक्षित आहे ते शब्दांत लिहा. सर्वांत शेवटी भाकिताचं सॉफ्टवेअर, आणि तेव्हा ‘भाकित’ हा शब्द आकड्याशेजारीच हवा. प्रमाणित शुद्ध नमुना विकत घेऊन आपल्याच उपकरणावर दोन्ही चालवणं हा उपाय खर्चिक वाटतो, पण साध्या संयुगांसाठी तो आठवडाभराच्या शोधापेक्षा स्वस्त पडतो.

जर्नलमध्ये काय लिहायचं

मिळालेल्या प्रत्येक स्पेक्ट्रमसाठी इतकं तरी लिहा: स्रोताचं नाव, स्पेक्ट्रमचा क्रमांक किंवा खंड आणि पान, नमुन्याची अवस्था किंवा द्रावक, उपकरणाची वारंवारता किंवा आयोनायझेशनची पद्धत, आणि ऑनलाइन असेल तर पाहिल्याची तारीख. एसडीबीएस स्वतःच संस्थेचं नाव आणि तारखेसह उल्लेख मागतं. आकडे उद्धृत करायला अडचण नसते. आलेखाचं चित्र प्रबंधात किंवा लेखात छापायचं असेल तर परवानगीची अट वाचा. युजेनॉलची नोंद अशी दिसेल: ‘युजेनॉल, ९७-५३-०, आयआर, लिक्विड फिल्म, एसडीबीएस, अमुक तारखेला पाहिला; आमचा नमुना एटीआर; ९९५ व ९१५ जुळले, १७६५ ला पट्टा नाही.’